१८ फुटांवरून नेम

झाडावरच्या मचाणावरून हरणावर मारलेला बाण वर जातो, हे मी झाडावर चढायच्या आधीच चार जणांकडून ऐकलं होतं. वर जातो म्हणजे जिथे नेम धरला, त्याच्या वरच्या अंगाला लागतो. का, याचं उत्तर मात्र ज्याचं त्याचं वेगळं. धनुष्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला, अंतराचा घोळ होतो. तिरंदाजीच्या रेंजवर सराव करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, माणसं वाकत नाहीत. आणि ज्यांच्या रानात मी हे सगळं शिकले, ते शेजारचे आजोबा म्हणाले, "वर बसलं की माणूस घाबरलेला असतो. ते कबूल कोणी करत नाही, एवढंच." आता काही हंगाम पाठीशी आहेत, आणि माझं मत असं झालंय की दुकानातल्या पोराचं कारण सपाट रानात सगळ्यात किरकोळ आहे. पण काथ्याकूट सगळा त्याचाच चालतो.

मी मूळची कोल्हापूरकडची. गेली बरीच वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला राहते. हिमयुगातल्या हिमनद्या या पट्ट्यात पोचल्याच नाहीत, त्यामुळे बाकीचं राज्य लाटण्याने लाटल्यासारखं आणि इथे मात्र उभे डोंगर, मध्ये घळी, वर ओकची झाडं, खाली मका. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना याहून चांगलं काय हवं? शेतात हरणं, अंगणात हरणं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी गाडीच्या दिव्यांसमोर हरणं. राज्याचं खातं दर वर्षी कुठल्या काउंटीत किती माद्या मारायला परवानगी द्यायची ते ठरवतं आणि त्यानुसार परवाने देतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली, पुढे ती बंदच झाली आणि तिथली परिस्थिती बघता ते बरंच झालं. गंमत म्हणजे त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणांवर ११ टक्के अबकारी कर लावायचा कायदा केला, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. दोन देश, एकच साल, वाटा अगदी उलट. हे मी आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा सांगायला गेले, तर एक काकू म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण तू खरंच मारतेस?" त्यांच्या हातात मटणाच्या दुकानाची चौकशी करायला काढलेला फोन होता. मी विषय बदलला.

माझं धनुष्य कंपाउंड आहे. दोन्ही टोकांना चाकं असलेलं हे यंत्र मिसुरीच्या हॉलिस ॲलन यांनी काढलं, १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. ताणताना मध्येच पूर्ण जोर लागतो, आणि मग चाक फिरलं की भार एकदम उतरतो. माझं ४२ पौंडांचं आहे, पण पूर्ण ताणल्यावर हातात राहतात जेमतेम साडेआठ पौंड. विस्कॉन्सिनचा नियम किमान ३० पौंडांचा, त्यामुळे बायकांनाही अडचण नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते याच जातीच्या धनुष्यावर. फक्त ते ५० मीटरवर मारतात आणि मी २० यार्डांवर, म्हणजे १८ मीटर. आणि त्यांचं लक्ष्य जागचं हलत नाही. या दोन वाक्यांतली पहिली बाब त्यांच्या बाजूने, दुसरी माझ्या बाजूने, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते.

जमिनीवरचा सराव उन्हाळाभर केला. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण कुठल्याही चांगल्या शिक्षकाकडे ते शिकता येतं. दोरी नाकाच्या शेंड्याला टेकवायची, रिलीज, म्हणजे दोरी सोडायचा खटका, धरलेल्या हाताचं बोट जबड्याच्या हाडाखाली रोज त्याच जागी बसवायचं, दोरीतल्या भोकातून बघितलं की धनुष्यावरच्या नेमाच्या चौकटीची गोल कड त्या भोकात नेमकी मावली पाहिजे. मग चौकटीतली हिरवी पिन लक्ष्यावर. हिरवी २० यार्डांची, पिवळी ३०ची. ऑगस्ट संपेपर्यंत २० यार्डांवर माझे बाण मुठीएवढ्या जागेत पडायला लागले. मला वाटलं झालं, आता चढायचं.

आजोबा म्हणाले, चढायचं, पण धनुष्याशिवाय.

तर पहिले काही रविवार मी नुसतं चढ-उतार शिकले. कमरेला आणि मांड्यांना पट्टे असलेला हार्नेस आधी जमिनीवर घालायचा. झाडाच्या बुंध्याला वरपासून खालपर्यंत एक जाड दोर बांधलेला असतो, त्यावर प्रुसिक गाठ. हार्नेसचा पट्टा त्या गाठीत अडकवायचा आणि शिडी चढताना गाठ हाताने वर सरकवत जायचं. झटका बसला की गाठ दोराला आवळते, हळू ढकलली की सरकते. म्हणजे जमिनीवरून पाय उचलला त्या क्षणापासून परत जमिनीवर टेकेपर्यंत माणूस झाडाला बांधलेला. धनुष्य खालीच ठेवायचं, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं, आणि बाण भात्यात झाकलेले. शिकारीच्या अपघातांत इथे मोठा वाटा मचाणावरून पडण्याचा असतो आणि पडणारे बहुतेक चढता-उतरताना, पट्टा न लावता पडतात. आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर तिचा प्रश्न एकच : "पण चढायचंच कशाला? खालनं मारता येत नाही व्हय?"

येतं की. पण हरणाची नजर आणि नाक जमिनीलगत चालतं. वर बसलं की हालचाल नजरेच्या वर राहते आणि वास थोडा डोक्यावरून जातो. शिवाय खालच्या दिशेने मारलेला बाण चुकला तरी जमिनीत रुततो, कुठे लांब भरकटत जात नाही. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात पटली.

आता तो अंतराचा घोळ. रेंजफाइंडर आपल्या डोळ्यापासून हरणापर्यंतचं तिरकं अंतर दाखवतो. पण गुरुत्वाकर्षण बाणाला खाली खेचतं ते जमिनीला लंब दिशेत, म्हणून नेम धरायचा तो आडव्या अंतराचा, झाडाच्या बुंध्यापासून हरणापर्यंतचा. हे तत्त्व म्हणून शंभर टक्के खरं. पण मी इंजिनिअर बाई, कागद-पेन घेऊन बसले. मचाण १८ फुटांवर, उभं राहिलं की बाण २३ फुटांवर, हरणाची छाती ३ फुटांवर, म्हणजे फरक २० फूट. हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर, म्हणजे ६० फूट. पायथागोरस लावला की तिरकं अंतर येतं साधारण ६३ फूट, २१ यार्ड. एका यार्डाचा फरक! माझा बाण सेकंदाला २३० फुटांच्या आसपास जातो. त्या वेगाला या चुकीमुळे बाण वर जाईल तो पाऊण इंच. हरणाच्या छातीत जिथे मारायचं ती जागा ८ इंचांची. पाऊण इंचाने कुणाचं काही बिघडत नाही.

हाच हिशेब आमच्या घळींत मात्र बदलतो. मचाण कड्याच्या काठावर असेल आणि हरीण उताराच्या तळाशी, तिरकं अंतर ३५ यार्ड, कोन ३० अंशांचा, तर आडवं अंतर ३० यार्डच भरतं. ३५ची म्हणून नेम धरला तर बाण ५ इंचांहून थोडा जास्तच वर जातो. तिथे हुकणार किंवा त्याहून वाईट, नुसतं जखमी करणार. कोन मोजणारे रेंजफाइंडर मिळतात, ते सरळ आडवं अंतर सांगतात. डोंगरात ते घ्यावेत. सपाटीवर नसले तरी चालतात, फक्त एक करायचं : मचाणावर चढायच्या आधी जमिनीवरूनच, बुंध्याशी उभं राहून, आजूबाजूच्या खुणा मोजून ठेवायच्या. तो वाकडा चेरी १७, ते पडलेलं खोड २२, पाऊलवाट २०. मग वर बसल्यावर गणित उरतच नाही.

मग माझे बाण वर का जात होते? कारण जात होतेच. रेंजवर लाकडी माचा आहे, त्यावरून खाली ठेवलेल्या फोमच्या हरणावर मारत होते आणि जमिनीवर मुठीत मावणारे बाण आता पाठीच्या कण्याकडे चढत होते. पाऊण इंच कसला, चांगले ४-५ इंच.

त्या रेंजवरच्या बाईंनी माझ्याकडे बाजूने बघितलं आणि फोनवर माझा व्हिडिओ काढून मलाच दाखवला. जमिनीवर मारताना माझे दोन्ही हात आणि खांदे एका रेषेत, धड त्याला काटकोनात, इंग्रजी टी अक्षरासारखं. माच्यावर मात्र मी ताठ उभी आणि फक्त डावा हात खाली सोडलेला. त्याने काय होतं, तर धनुष्याचा हात आणि धड यांच्यातला कोन मिटतो, ताण किंचित कमी होतो, उजवा हात जबड्यावरच्या नेहमीच्या जागेवरून सरकतो, आणि दोरीतलं भोक डोळ्यासमोर यावं म्हणून मान आपोआप हलते. नेमाची चौकट भोकात मावल्यासारखी वाटते, पण मावलेली नसते. खाली तिची कड चिमूटभर कापली जाते. व्हिडिओ थांबवून बघितलं तेव्हा मला दोरी नाकाला टेकलेलीच दिसली नाही, मध्ये करंगळी जाईल एवढी फट.

उपाय सांगायला सोपा. आधी सरळ समोर, आडवं धनुष्य ताणायचं. हात, नाक, जबडा सगळं जमिनीवरच्यासारखं जागेवर बसलं की मग अख्खं धड तसंच ठेवून खुब्यातून वाकायचं. कंबर म्हणतात लोक, पण कंबर नव्हे, खुबा. सूर्यनमस्कारात पाठ सरळ ठेवून पुढे झुकताना सुरुवात जिथून होते तिथूनच. पार्श्वभाग मागे जातो, वजन टाचांवर येतं, वरचा टी जसाच्या तसा फिरतो. हात खाली जात नाही, सगळी बाई खाली जाते.

माच्यावर हे आठवड्याभरात जमलं, कारण माच्याला कठडा होता. ओकच्या झाडावर १८ फुटांवर मात्र कठडा नाही. पायाखाली जाळीची फळी, तिच्यातून खालचा पाचोळा दिसतो. तिथे खुब्यातून वाकायचं म्हणजे डोकं फळीच्या पलीकडे, मोकळ्या हवेत न्यायचं. शरीर साफ नकार देतं. मन म्हणतं वाक, गुडघे म्हणतात जमणार नाही, आणि तडजोड म्हणून हात तेवढा खाली जातो. म्हणजे बाईंचं आणि आजोबांचं कारण एकच निघालं! माणूस वाकत नाही, कारण घाबरतो.

आजोबांनी यावर जे करायला लावलं ते मला कुठल्याही पुस्तिकेत सापडलं नाही. हार्नेसचा झाडाला बांधलेला पट्टा त्यांनी डोक्याच्या वर घ्यायला लावला आणि ढील काढून टाकली. मग धनुष्य न घेता, हात छातीशी बांधून, पुढे झुकायला सांगितलं. पट्टा ताणला जाईपर्यंत. पट्टा ताणला गेला की अजून थोडं. आपलं वजन पट्ट्यावर गेलंय हे पाठीला कळलं पाहिजे, डोक्याला कळून उपयोग नाही. पहिल्यांदा माझ्या तोंडातून जो आवाज निघाला त्याने शेजारच्या शेतातल्या गाईंनी माना वर केल्या. पण दोन-तीन संध्याकाळी नुसतं हेच केल्यावर झुकणं हे काम राहिलं नाही. मग धनुष्य घेतलं आणि बाण परत मुठीत. अंतराची पिन बदलली नव्हती, नेम बदलला नव्हता, काही म्हणजे काही बदललं नव्हतं. बदलली ती पट्ट्याची लांबी.

एक तांत्रिक गोष्ट मात्र राहिली होती. कोन जास्त झाला, की बाण थोडे डावीकडे जात. नेमाच्या चौकटीत पाण्याचा बुडबुडा असतो, धनुष्य तिरपं झालंय का ते बघायला. चौकट बाणाच्या दिशेला नेमकी काटकोनात नसेल, दारासारखी जराशी आत-बाहेर फिरलेली असेल, तर सपाटीवर बुडबुडा खरं बोलतो आणि धनुष्य खाली झुकवलं की खोटं बोलायला लागतो. याला थर्ड ॲक्सिस म्हणतात. दुकानात लावून देतात, पण बहुतेकांना विचारायचंच सुचत नाही. मी घरी केलं. गॅरेजच्या तुळईला ओळंबा टांगला, धनुष्य ताणून चौकटीची उभी कड ओळंब्याच्या दोरीला जुळवली, आणि तशीच जुळवत धनुष्य खाली-वर झुकवलं. ताणलेलं असताना बाण नव्हे तर नुसता डोळाच वापरायचा असतो आणि धनुष्याची दोरी सोडायची नाही, म्हणून हे दुसऱ्या माणसाच्या मदतीने करावं. नवरा बुडबुड्याकडे बघत होता, मी ओळंब्याकडे. झुकवल्यावर बुडबुडा सरकला, तेवढा स्क्रू फिरवला. डावीकडचं जाणं थांबलं.

आता खरी गोष्ट, कुठे मारायचं. फोमच्या हरणावर कुशीत एक गोल कोरलेला असतो. तो जमिनीवर उभ्या माणसासाठी आहे. वरून तो गोल फसवा. बाण तिरका शिरतो, त्यामुळे शिरण्याची जागा आणि निघण्याची जागा एका पातळीत नसतात. छातीची रुंदी १० इंच धरली तर २० यार्डांवर, आमच्या त्या १८ अंशांच्या कोनात, बाण आत साडेतीन इंचांच्या आसपास उतरतो. १० यार्डांवर कोन ३४ अंशांच्या घरात जातो आणि उतार होतो पावणेसात इंच. म्हणजे जवळच्या हरणाला कोरलेल्या गोलाच्या मध्यावर मारलं तर बाण पलीकडे पोटाखालून निघेल आणि दोनातलं एकच फुप्फुस भेदेल. एका फुप्फुसावर हरीण मैलभर जाऊ शकतं. सापडत नाही.

आजोबांचा नियम : अलीकडची कातडी विसर, पलीकडचा पाय बघ. पलीकडच्या पुढच्या पायाच्या वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात बाण बाहेर पडायला हवा. तिथून आपल्याकडे मनातल्या मनात काठी टाक, ती अलीकडच्या बाजूला जिथे येईल तिथे पिन. सरावात मी प्रत्येक बाणानंतर खाली उतरून फोमपाशी जायची, बाणाच्या मागच्या टोकाशी डोळा लावायची आणि तो कुठून निघाला असता ते पलीकडे बोटाने दाबून बघायची. चढ-उतार जीव काढते, पण आठवडाभरात डोळा आपसूक पलीकडचा पाय शोधायला लागतो.

याच्या उलट ओढणारी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच फोमवर शिकता येत नाही. दोरीचा आवाज हरणाला आधी पोचतो. २० यार्डांवर आवाजाला सेकंदाचा विसावा हिस्सा लागतो, माझ्या बाणाला पाव सेकंदाहून जरासं जास्त. मधल्या वेळात दचकलेलं हरीण पळण्यासाठी पाय मुडपतं, आणि छाती खाली जाते. म्हणजे सावध हरणावर बाण आणखी वर जाणार. काहीजण म्हणतात, मग आधीच खाली मारा. मला हे पटत नाही. हरीण दचकेल की नाही यावर पैज कशाला लावायची? कान टवकारलेले, मान ताठ असेल तर दोरी ताणायचीच नाही. खात असेल, शेपटी ढिली असेल, तर जिथे मारायचं तिथेच मारायचं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मादी आली ती थेट माझ्या झाडाखाली, ओकची फळं खायला. बुंध्यापासून ५ यार्डही नाही. तिच्या पाठीवरचे केस सुटे सुटे दिसत होते, मणक्याच्या रेघेवर गडद, कुशीवर राखाडी, आणि एका कानाला गोचीड. फळ दाताखाली फुटल्याचा कडकड आवाज मला वरपर्यंत. इतकं जवळ म्हणजे सोपं, असं खालच्या माणसाला वाटेल. पण कोन ५० अंशांच्या पुढे. वरून दिसते ती पाठ, छाती पाठीच्या आड. मणका तरी लागणार किंवा एक फुप्फुस, आणि धनुष्याचं खालचं टोक ताणून झुकवलं तर माझ्याच गुडघ्याला अडणार हेही मी सरावात बघून ठेवलं होतं. धनुष्य खुंटीवरून काढलंही नाही. ती बराच वेळ खात होती. शेवटी वारा थोडा फिरला तेव्हा तिने मान वर केली, थेट माझ्याकडे बघितलं, पाय आपटला, फुरफुरली आणि गेली. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर." एवढंच. त्यांच्याकडून ही म्हणजे पदवीच.

ज्या दिवशी मारलं तो दिवस महिनाअखेरीचा, संध्याकाळचा. उन्हं उतरली की थंड हवा घळीकडे वाहते, म्हणून मी पाऊलवाटेच्या खालच्या बाजूच्या झाडावर होते. मक्याकडे निघालेल्या तीन माद्या पाऊलवाटेवर एकामागोमाग आल्या. पुढच्या दोघी जाऊ दिल्या. तिसरीचं डोकं त्या वाकड्या चेरीच्या खोडाआड गेलं तेव्हा उभी राहून धनुष्य ताणलं, समोर, आडवं. दोरी नाकाला. बोट जबड्याखाली. मग खुब्यातून झुकले आणि पट्टा पाठीत ताणला गेला. ती खोडाआडून पुढे आली, अंग किंचित पलीकडे वळलेलं, अलीकडचा पाय पुढे. तोंडाने हलकेच "म्याँ" केलं, ती थांबली. इथे आवाज मोठा केला तर पंचाईत, जेमतेम ऐकू जाईल एवढाच. चौकट भोकात गोल होती, बुडबुडा मध्ये, हिरवी पिन पलीकडच्या पायाच्या रेषेत. रिलीज दाबल्याचं मला आठवत नाही. आठवतो तो बाण पलीकडे जमिनीत शिरल्याचा टप्प आवाज आणि तिने मागचे पाय झाडल्याचा.

ती घळीकडे पळाली. मी बसले, कारण पाय थरथरायला लागले होते. उतरायची घाई करायची नसते, थरथरत्या पायांनी तर नाहीच. अर्ध्या तासाने खाली आले आणि आधी बाणाकडे गेले. बाण सगळं सांगतो. गर्द काळपट रक्त म्हणजे यकृत, मग कित्येक तास थांबायचं. हिरवट घाण आणि वास म्हणजे पोट, मग रात्रभर. माझ्या बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं, बारीक बुडबुड्यांचं. दोन्ही फुप्फुसं. ती साठेक यार्डांवर, घळीच्या उतारावर पडलेली मिळाली. आजोबांनी बॅटरी धरून आधी दोन्ही कुशी बघितल्या, शिरलेलं भोक आणि निघालेलं भोक. निघालेलं अलीकडच्यापेक्षा चार बोटं खाली, पायाच्या जरा मागे. कागदावरचा साडेतीन इंचांचा हिशेब आणि हे, दोन्ही जुळलं याचा मला जो आनंद झाला तो जरा विचित्रच होता, हे मान्य. मेलेल्या जनावराशेजारी उभी राहून मी त्रिकोणमितीचं कौतुक करत होते.

घळीतून ओढून वर आणायला आम्हाला शिकारीपेक्षा जास्त दम लागला. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, ती फोनवर होते. या भागात २००२पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, म्हणून तपासणीसाठी नमुना दिला आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवलं. रोग आढळला नाही म्हणून निरोप आल्यावर मगच कांदा-खोबरं भाजायला घेतलं. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. मटणासारखं शिजवलं तर चिवट होतं, त्यामुळे पाठीच्या पट्टीचे तुकडे तव्यावर झटपट आणि मांडीचं मांस मंद आचेवर तासन् तास, तेल सढळ हाताने. ते काकूंच्या घरी डब्यातून पाठवलं. डबा धुऊन परत आला, सोबत मसाल्याचं प्रमाण विचारणारी चिठ्ठी.

पुढच्या हंगामाआधी मी मचाण खाली आणलं, १२ फुटांवर. हार्नेसची सवय झाल्यावर उंचीची भीती गेली होती, पण आता उंचीची गरजच वाटेना. १२ फुटांवरून हरणाच्या छातीपासून फरक उरतो १४ फुटांचा, २० यार्डांवर कोन १३ अंश आणि १० यार्डांवर २५. छातीतला उतार जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो, दोन्ही फुप्फुसं मिळायची शक्यता वाढते. उंचीमुळे मिळणारा आडोसा कमी होतो खरा, म्हणून पाठीशी दाट सीडर असलेलं झाड निवडलं, म्हणजे आकाशावर माझी आकृती उठत नाही. आणि झाड पाऊलवाटेपासून २० यार्ड लांबचं घेतलं, फळं पडणाऱ्या ओकपासून तर मुद्दाम दूर.

आजोबांना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांचं मचाण अजून २० फुटांवर आहे. वारा उलटला की तुझा वास सरळ हरणाच्या नाकात जाईल, मग कळेल, असं ते म्हणतात. वारा उलटा असला की मी त्या दिवशी चढतच नाही, घरी बसून बाणांची पाती परजते.